पाटी, रोजमेळ, खतावणी

कॉम्प्युटरचं झाकण उघडलं की मला आधी कापूस दिसतो. बुऱ्हाणपुरात ज्या गल्ल्यांमधून यंत्रमागांची खडखड दिवसरात्र चालते, तिथून येणाऱ्या प्रत्येक डब्यात पंख्यावर, प्रोसेसरच्या जाळीवर, रॅमच्या खाचेत पांढरी मऊ लव साचलेली असते. ब्रश आणि ब्लोअरने ती काढायची, रॅमची पट्टी सोडवायची, तिचे सोनेरी दात शाळेतल्या साध्या खोडरबराने हलक्या हाताने घासायचे आणि पट्टी पुन्हा खाचेत दाबायची. बऱ्याचदा एवढ्यानेच लांब लांब शिट्टी मारणारं यंत्र गप्प होतं आणि पडदा उजळतो. तोवर समोर उभ्या गिऱ्हाइकाचा जीव टांगणीला लागलेला असतो. "ताई, यातलं सगळं गेलं तर नाही ना?"

इथल्या शनवारा भागात दुकान आणि क्लास चालवायला लागले त्याला पंचवीस वर्षं होऊन गेली. या काळात सर्वांत जास्त वेळा ऐकलेला प्रश्न हाच. रॅम बिघडली तर साठवलेलं सहसा जात नाही, कारण ते तिच्यात ठेवलेलंच नसतं, हे मी सांगते आणि लोकांना ते पटत नाही. त्यांचा दोष नाही. मोबाईलच्या खोक्यावर आठ जीबी आणि एकशेअठ्ठावीस जीबी शेजारी शेजारी छापलेले असतात आणि दोन्हींना आपण 'मेमरी' म्हणतो. एक आकडा टेबलाचा असतो आणि दुसरा कपाटाचा.

मला स्वतःला हा फरक पुस्तकातून कळला नव्हता, आप्पांमुळे कळला. आमचे आप्पा कापडाच्या एका व्यापाऱ्याकडे मुनीम होते. त्यांच्या बैठकीत तीन गोष्टी असायच्या. हाताशी दगडी पाटी, तिच्यावर चालू हिशेब. बाजूला रोजमेळ, त्यात दिवसभराची देवघेव जशी घडेल तशी उतरवायची. आणि मागे फडताळात लाल कापडाची खतावणी, तिच्यात प्रत्येकाचं खातं वेगळं. पाटीवर लिहिणं झटपट व्हायचं, पण बाही लागली की पुसलं जायचं. खतावणीत नोंद चढवायला वेळ लागायचा, पण ती टिकायची. दिवेलागणीला आप्पा रोजमेळावरून खतावणी करत आणि ते झाल्याशिवाय जेवायला उठत नसत. आई दोनदा हाक मारायची, तिसऱ्यांदा मारायची नाही.

पहिल्यांदा कॉम्प्युटर शिकले तेव्हा मास्तरांनी प्रायमरी, सेकंडरी असे शब्द फळ्यावर लिहिले. मी वहीत बाजूला लिहिलं: पाटी, खतावणी. त्यानंतर ते मला कधी पाठ करावं लागलं नाही. पुढे रोजमेळही सापडला. आजच्या विंडोजची किंवा लिनक्सची फाइल-व्यवस्था डिस्कवर एखादा बदल करण्याआधी 'हे करणार आहे' अशी नोंद एका वेगळ्या जागी करते. मध्येच वीज गेली तर उठल्यावर ती नोंद वाचून अर्धवट राहिलेलं काम निस्तरते. इंग्रजीत त्या नोंदीला जर्नल म्हणतात आणि जर्नल म्हणजे रोजमेळच. आप्पांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग यंत्रालाही मुनिमाची अक्कल आली म्हणायची."

क्लास सुरू केला तेव्हा बुऱ्हाणपूर अजून जिल्हा झालं नव्हतं. ते झालं २००३ साली, आणि त्याच साली मध्यप्रदेशात निवडणूक गाजली ती वीज, रस्ते आणि पाण्यावर. विजेचे ते दिवस इथल्या माणसाला विसरता येणार नाहीत. दुपारी गल्लीतले माग एकदम थांबायचे. त्या शांततेवरूनच कळायचं की लाईट गेली. माझ्याकडे सहा कॉम्प्युटर होते आणि यूपीएस एकच, त्याचीही बॅटरी म्हातारी. एकदा एक मुलगी नोकरीचा अर्ज टाइप करत होती. ती मराठी बोलणारी, अर्ज हिंदीत, कीबोर्ड इंग्रजी. एकेक अक्षर शोधत तिने तासभर काम केलं होतं. शेवटच्या ओळीला लाईट गेली. अर्ध्या तासाने आली तेव्हा पडद्यावर काहीच नव्हतं. ती रडली नाही. तिने विचारलं, "मॅडम, इथंच तर होतं. मग कुठं गेलं?"

या प्रश्नाचं खरं उत्तर तेव्हा मला देता आलं नाही. 'सेव्ह करायचं राहिलं' हे उत्तर नाही, ती तंबी आहे. उत्तर मी नंतर वाचून काढलं. रॅममध्ये एकेका बिटासाठी एक इवलासा धारित्र, म्हणजे कपॅसिटर, असतो. त्यात विद्युतभार असला तर एक, नसला तर शून्य. एक ट्रान्झिस्टर आणि एक धारित्र अशी ही जोडी आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६६-६७च्या सुमारास सुचली आणि आजची रॅम त्याच कल्पनेवर उभी आहे. पण हा धारित्र गळका आहे. त्यातला भार सतत झिरपून जातो. म्हणून दर चौसष्ट मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक ओळ वाचायची आणि जशीच्या तशी पुन्हा भरायची, असं काम यंत्राला अखंड करावं लागतं. सेकंदाला पंधरा वेळा. आठ जीबीच्या पट्टीत असे सहा हजार आठशे कोटींहून जास्त धारित्र असतात. त्या मुलीचा अर्ज तासभर पडद्यावर स्थिर दिसत होता, पण तो स्थिर नव्हताच. कुणीतरी तो क्षणाक्षणाला पुन्हा लिहीत होतं. वीज गेली आणि लिहिणारा हात थांबला.

हे समजलं त्या दिवसापासून मी 'साठवणे' हा शब्द जपून वापरते. लोक समजतात, साठवणं म्हणजे एकदा ठेवलं आणि विसरलं. मला वाटतं, तसं ठेवणं जगात कुठेच नाही.

ते मला किती महागात पडून कळलं तेही सांगायला हवं. २००६ साली एका व्यापाऱ्याच्या गादीवर मी हिशेबाचं सॉफ्टवेअर बसवून दिलं. रोज संध्याकाळी बॅकअप कसा घ्यायचा हेही शिकवलं. सी ड्राइव्हमधलं डी ड्राइव्हमध्ये. त्यांचा मुलगा इमानेइतबारे रोज ते करत होता. एका सकाळी त्या यंत्रातून टक्, टक्, टक् असा आवाज यायला लागला. ज्यांनी तो ऐकलाय त्यांच्या पोटात अजून गोळा येतो. हार्डडिस्कमध्ये मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या चकत्या असतात आणि त्यांच्यावरून वाचणारं डोकं केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी उंचीवर तरंगत असतं. ते डोकं निकामी झालं की आपली जागा शोधत वारंवार मागे येऊन आपटतं, त्याचा तो आवाज. सी आणि डी ही दोन कपाटं नव्हती. एकाच चकतीवर मारलेल्या रेघेच्या दोन बाजू होत्या. घर जळालं तेव्हा दोन्ही खोल्या जळाल्या.

चूक माझी होती. मला माहीत होतं की डिस्क एकच आहे, तरी दोन अक्षरं वेगळी दिसल्यामुळे माझ्याही मनाने ती दोन मानली. मी शेटजींना तसं सांगितलं. आप्पा तेव्हा कामातून निवृत्त झाले होते. ते काही न बोलता माझ्याबरोबर आले. बिलबुकं, हुंड्यांच्या पावत्या, कापडाच्या गाठींच्या चिठ्ठ्या असं सगळं कागदी बाड त्या गादीवर शाबूत होतं, कारण जुन्या मुनिमांनी ते फेकू दिलं नव्हतं. सात आठवडे आम्ही दोघांनी बसून अडीच वर्षांचा हिशेब पुन्हा चढवला. आप्पा वाचत आणि मी टाइप करी. एकदाच ते म्हणाले, "नक्कल दुसऱ्या घरात ठेवतात, पोरी. दुसऱ्या फडताळात नाही."

हार्डडिस्क हे यंत्र तसं आप्पांच्याच पिढीचं. आयबीएमने पहिली बाजारात आणली १९५६ साली. चोवीस इंच व्यासाच्या पन्नास चकत्या, वजन टनाच्या घरात, आणि त्यात मावायची पन्नास लाख अक्षरं. आज मोबाईलचा एक फोटो जवळपास तेवढी जागा घेतो. त्याच सुमारास आमच्या शेजारी नेपानगरात वर्तमानपत्राच्या कागदाची गिरणी सुरू झाली होती. जगात एकीकडे चकतीवर लिहिण्याची सुरुवात होत होती आणि सातपुड्याच्या पायथ्याशी देश स्वतःचा वर्तमानपत्री कागद बनवायला लागला होता. दोन्हींचं काम माणसाचं म्हणणं धरून ठेवण्याचं.

गिऱ्हाइकांची एक तक्रार नेहमीची, तिच्याबद्दल थोडक्यात. पाचशे जीबीची डिस्क लावली की यंत्र चारशेपासष्ट दाखवतं. दुकानदाराने पस्तीस खाल्ले असं वाटतं. पण बनवणारा हजारच्या पटीत मोजतो आणि विंडोज एक हजार चोवीसच्या पटीत. वस्तू तेवढीच, माप वेगळं. क्लासमधल्या पोरांना हे समजवायला मला अर्धा तास लागतो. आप्पांना एका वाक्यात कळलं होतं: "कच्चा शेर आणि पक्का शेर." हल्ली बाजारात स्वस्तात मिळणारे एक टीबीचे पेन ड्राइव्ह मात्र खरोखर फसवणुकीचे असतात. आतली चिप आठ-सोळा जीबीची आणि वर खोटा आकडा शिकवलेला. जागा संपली की नव्या फायली जुन्यांच्या उरावर लिहिल्या जातात आणि यंत्र 'कॉपी झाली' म्हणत राहतं. नवा ड्राइव्ह पूर्ण भरून, पुन्हा वाचून पाहिल्याशिवाय त्यावर काही ठेवू नये.

एकदा संध्याकाळी दुकान बंद करत होते तेव्हा मागावर काम करणारे एक चाचा आले. मुठीत रुमाल, रुमालात नखाएवढं मेमरी कार्ड. नातवाने मोबाईलशी खेळता खेळता सगळे फोटो उडवले होते. त्यात चाचींचे फोटो होते. त्या पावसाळ्यात गेल्या होत्या. "बेटी, मैंने फोन बंद कर दिया. फिर हाथ नहीं लगाया," ते म्हणाले. त्यांच्या भीतीनेच ते फोटो वाचवले होते.

कारण पुसणं म्हणजे पुसणं नव्हे. खतावणीच्या पहिल्या पानांवर खात्यांची यादी असते, कोणाचं खातं कोणत्या पानावर ते सांगणारी. फाइल डिलीट केली की यंत्र पानं फाडत नाही, यादीतलं नाव खोडतं. अशा कार्डांवरच्या जुन्या फॅट पद्धतीत तर नावाचं फक्त पहिलं अक्षर बदलून तिथे एक ठरावीक खूण केली जाते आणि पानांची साखळी मोकळी म्हणून नोंदली जाते. मजकूर जागच्या जागी असतो. पण ती जागा आता कोणालाही द्यायला मोकळी झालेली असते. एक नवा फोटो काढला तरी तो नेमका जुन्या आठवणीवर बसू शकतो. चाचांनी फोनला हात लावला नाही, हे त्यांचं शहाणपण. रात्री दहापर्यंत प्रोग्रॅम कार्ड चाळत होता. फोटो एकामागून एक वर आले. काही अर्धेच, खाली राखाडी पट्टा. एका फोटोत चाची ताप्तीच्या घाटावर उन्हाने डोळे मिचकावत उभ्या. चाचांनी तो फोटो पाहिला आणि खुर्ची मागितली.

आता एसएसडी आल्यापासून मला असं आश्वासन देता येत नाही. तिथे डिलीट केलं की यंत्र डिस्कला कळवून टाकतं, ही पानं नको आहेत. डिस्क मोकळ्या वेळात ती खरोखरच कोरी करते, म्हणजे पुढचं लिहिणं जलद होतं. वेग वाढला आणि पश्चात्तापाची सवड गेली. गेल्या दोन वर्षांत तिघांना मी हात जोडून नाही म्हटलं. त्यातल्या एका मुलीचा तर सगळा संशोधनाचा मजकूर गेला होता.

क्लासच्या नव्या तुकडीला मी दरवर्षी कुंडी भंडाऱ्याला घेऊन जाते. पालक विचारतात, कॉम्प्युटरच्या क्लासचा तिथे काय संबंध? अब्दुर्रहीम खानखाना इथले सुभेदार असताना, १६१५ साली, सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून शहरात आणायची ही व्यवस्था झाली. वर ओळीने कुंड्या, म्हणजे विहिरीसारखी तोंडं, आणि खाली त्यांना जोडणारा बोगदा. पंप नाही, फक्त उतार. पाळण्यात बसून खाली उतरलं की पायाखाली गार पाणी असतं आणि भिंतींवर चुन्याचे पांढरे थर. ते थर हात लावून बघा, असं मी मुलांना सांगते. पाणीच आपल्या वाटेवर चुना ठेवत जातं आणि आपलीच वाट बारीक करतं. कुंड्या आहेत त्या माणसाला खाली उतरता यावं, वाट तपासता यावी, खरवडता यावी म्हणूनही. बांधणाऱ्याने बांधतानाच राखणाऱ्याचा विचार केला होता. मग परत येताना मी त्यांना जामा मशिदीतला लेख दाखवते. फारुकी सुलतानाच्या काळातली, १५९०च्या सुमाराची मशीद, आणि तिच्यात अरबीबरोबर संस्कृतातही कोरलेला मजकूर. एक लिपी वाचणारा नसला तर दुसरी वाचणारा असेल. दगडावर लिहिणाऱ्यालाही वाचणाऱ्याची काळजी होती.

ही काळजी किती खरी आहे ते मला एका गुरुजींनी दाखवलं. निवृत्त शिक्षक, शनवाऱ्यातलेच. त्यांच्या पत्नीने, आम्ही त्यांना काकू म्हणायचो, रावेर तालुक्यातल्या आणि इकडच्या खेड्यांतल्या म्हाताऱ्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या होत्या. २००१च्या सुमारास स्वतः टाइप करून त्या फ्लॉप्यांवर ठेवल्या. काकू गेल्या. पुष्कळ वर्षांनी कपाट आवरताना गुरुजींना सहा फ्लॉप्या सापडल्या. बिस्किटाच्या डब्यात, वर मराठीत तारखा.

फ्लॉपी वाचायचं जुनं यंत्र मी जपून ठेवलेलं होतं. एका बाजूला ऐंशी वर्तुळं, प्रत्येकात अठरा कप्पे, कप्प्यात पाचशेबारा अक्षरं, आणि बाजू दोन. एवढाच तिचा पसारा. चार फ्लॉप्या सुरळीत वाचल्या गेल्या, दोन अडखळल्या आणि काही कप्पे द्यायला तयार झाल्या नाहीत. फायली डिस्कवर आल्या. मी आनंदाने पहिली उघडली आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक कचरा दिसला. गुरुजी चष्मा पुसून पुन्हा बघत होते.

जे वाचलं गेलं होतं त्यातला बिट एकही हरवला नव्हता. हरवली होती ती वाचायची किल्ली. त्या काळातले बहुतेक मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर मराठी आकार बसवायचे. यंत्राच्या लेखी काकूंनी इंग्रजी अक्षरंच टाइप केली होती, त्यांना मराठी रूप देत होता फॉन्ट. प्रत्येक कंपनीची जुळणी वेगळी. १९९१मध्ये भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाचं प्रमाण ठरलं होतं आणि युनिकोडमध्ये देवनागरीही त्याच वर्षापासून होती, पण आमच्या छपाईच्या बाजाराला तो सगळा गाव लांबचा होता. आज 'शनवारा' हा शब्द मी युनिकोडमध्ये लिहिते तेव्हा काने धरून सहा खुणा, प्रत्येकी तीन बाइट, एकूण अठरा बाइट होतात. इंग्रजीत तोच शब्द आठ बाइटांत बसतो. पण हे अठरा बाइट जगातल्या कुठल्याही यंत्रावर 'शनवारा'च राहतात. ती जास्तीची जागा मला कधीच महाग वाटली नाही.

फॉन्ट मिळाला तो लग्नपत्रिका छापणाऱ्या एका छापखान्यात. कोपऱ्यातल्या एका जुन्या यंत्रात तो अजून होता. तो लावला आणि कचऱ्यातून ओव्या उभ्या राहिल्या. पण मला त्या कायमच्या युनिकोडमध्ये आणायच्या होत्या. कोणतं चिन्ह म्हणजे कोणतं अक्षर याचा तक्ता बनवायला बसले. त्यात गुंता असा की जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी, अक्षराच्या आधी ठेवलेली असते. युनिकोडमध्ये ती उच्चारली जाते तशी अक्षराच्या नंतर असते. रफाराचं नेमकं उलटं. प्रत्येक वेलांटी उचलून पुढे न्यायची, प्रत्येक रफार मागे आणायचा. जोडाक्षर मध्ये आलं की प्रोग्रॅम चुकायचा. तेव्हा तपासायचे गुरुजी. काकू स्वयंपाकघरात त्या ओव्या गुणगुणायच्या, त्यामुळे त्यांच्या कानात चाल होती. वाचताना एखाद्या शब्दाशी त्यांचा सूर अडखळला की मी समजायचे, इथे रफार चुकीच्या अक्षरावर बसलाय.

खराब कप्प्यांमुळे तीन ठिकाणी ओव्या तुटल्या होत्या. दोन त्यांनी आठवून सांगितल्या. तिसरीची पहिली ओळ होती, दुसरी त्यांना येईना. ज्या आजीने ती सांगितली ती काकूंच्याही आधी गेलेली. तिथे मी टिंबं देऊन जागा मोकळी ठेवली.

ती फाइल आता तीन घरांत आहे. एक प्रत दुकानात, एक गुरुजींच्या मुलीकडे पुण्यात आणि एक कागदावर छापून त्यांच्या ट्रंकेत. महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी डिस्क जोडते, फाइल नुसती आहे का ते बघत नाही, उघडून एक पान मोठ्याने वाचते. कधी गुरुजी असतात. मागच्या खेपेला ते छत्री दाराशी ठेवून बसले आणि म्हणाले, त्या ओवीत 'माहेर' शब्द असावा, रात्री अचानक कानात आला. खात्री नाही. मी टिंबांच्या मधोमध 'माहेर' लिहिलं, पुढे प्रश्नचिन्ह टाकलं आणि सेव्ह करून दुसरी डिस्क जोडली.